एकविसाव्या फळीचा प्राधान्यक्रम

आंतरराष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या घटनेतल्या कलम चारनुसार, जग गेल्या वर्षापेक्षा सुरक्षित झालं आहे की नाही हे दर वर्षी एकदा तपासून पाहणं बंधनकारक आहे. या तपासणीला आढावा सप्ताह म्हणतात. त्या आठवड्यात मुख्यालयाच्या लिफ्टला पॉलिश होतं, सभागृहातल्या सतरा देशांच्या सतरा खुर्च्यांची उंची फूटपट्टी लावून सारखी केली जाते, आणि जगात कुठे काही घडलंच तर त्याची दखल पुढच्या सोमवारी घेतात, कारण सगळे आढाव्यात गुंतलेले असतात.

या मुख्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत आवककाका बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण एकतीस वर्षं आवक विभागात काढल्यावर ते तिथून बाहेर काढायचं कुणालाच सुचलं नाही. जगाच्या पाठीवरून मंडळाला येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं. काका त्यावर शिक्का मारायचे, क्रमांक टाकायचे, रजिस्टरात नोंद करायचे आणि 'यथोचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून वर पाठवायचे. वर काय होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. शहाणा माणूस! पण खाली आलेलं पत्र त्यांच्या हातून कधी गहाळ झालं नाही, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

आता झालं असं, की मंडळाच्या यादीतला विषय क्रमांक एकशे सत्त्याऐंशी हा एक पूल होता, आणि त्या पुलाच्या पलीकडे काकांची सख्खी थोरली बहीण राहत होती.

पूल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. खोल दरी, तळाशी नदी, वर दोन लोखंडी तुळया आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या एकेचाळीस फळ्या. पलीकडे ताईचं गाव, अलीकडे पोस्ट, बाजार आणि दवाखाना. दोन्ही काठ दोन वेगवेगळ्या देशांचे. तहात लिहिलं होतं, अलीकडच्या वीस फळ्या या देशाच्या, पलीकडच्या वीस त्या देशाच्या, आणि मधली एकविसावी कुणाचीच नाही. तह करणाऱ्यांना त्या फळीचं फार कौतुक होतं. तिचा फोटोही छापून आला होता.

नेमकी तीच मोडली.

एका देशानं सुतार पाठवला, तर दुसऱ्यानं निषेध नोंदवला: फळी बसवणं म्हणजे तिच्यावर मालकी सांगणं. दुसऱ्यानं सुतार पाठवला, तर पहिल्यानं बंदुका रोखल्या. दोघे सुतार काठांवर बसून एकमेकांना हात करत राहिले. पुढे पावसापाण्यानं अलीकडची विसावी फळी कुजून पडली, तेव्हा समतोल राहावा म्हणून पलीकडच्या सैन्यानं आपलीही एक काढून टाकली. फळ्यांखालून गेलेली टेलिफोनची तार त्या गडबडीत तुटली, आणि मोबाइल तर त्या पट्ट्यात दोन्ही सैन्यांनी आधीच बंद पाडले होते. राहिला तो पोस्टमन. तरणाताठा गडी, तीन फळ्यांची उडी मारून यायचा-जायचा. त्याच्याच पिशवीतून ताईची पत्रं काकांपर्यंत पोहोचायची, दर आठवड्याला एक.

"प्रिय बाळ्यास," ताई लिहायची. एकसष्टीला टेकलेल्या भावाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "पोरीला सातवा लागला. सुईण म्हणते मूल आडवं आहे, बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. जावई रोज पुलापाशी जाऊन उभा राहतो नि परत येतो. मी उडी मारीन रे एक वेळ, पण पोटुशी पोर कशी मारील? तू त्या मोठ्या लोकांच्यात बसतोस ना, सांग की त्यांना."

काका पत्र दोनदा वाचायचे. मग ते त्या पत्रावर शिक्का मारायचे, क्रमांक टाकायचे आणि आपल्या पाळीनं वर पाठवायचे. सख्ख्या बहिणीचं पत्र म्हणून ते गठ्ठ्यात एका पत्रानंसुद्धा पुढे सरकवायचे नाहीत.

"अहो, बहिणीच्या पत्राला आवक क्रमांक देता?" काकू घरी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "उठा, वर जा, त्या महासचिवाच्या टेबलावर नेऊन आपटा!"

"मी वर गेलो तर खाली कोण बसणार?" काका म्हणाले. "आणि प्रथम प्राधान्य आहे त्या पुलाला. मी स्वतः वाचलंय."

यात तिळमात्र खोटं नव्हतं. मागच्या आढाव्यात यादीत तीनशे बारा विषय होते, आणि आपला विषय दुसऱ्या क्रमांकावर गेला हे घरी जाऊन सांगायला एकही देश तयार नव्हता. तीन दिवस घासाघीस झाली. चौथ्या दिवशी महासचिवांनी तोडगा काढला: तीनशे बाराही विषयांना प्रथम प्राधान्य. ठराव एकमतानं संमत झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर वर्षभर कर्मचाऱ्यांनी कुठल्याच विषयाला हात लावला नाही, कारण एकाला आधी हात लावला असता तर बाकीच्या तीनशे अकरांवर अन्याय झाला असता.

यंदा मात्र मंडळानं एक सल्लागारबाई नेमल्या होत्या. बाई हुशार. कपाळावर चष्मा, हातात काचेची पाटी, आणि बोलणं सुरीसारखं. पहिल्याच दिवशी त्या सभागृहात म्हणाल्या, "भावना नकोत, आकडे हवेत. कुठला विषय किती पेटलाय हे कसं कळतं? लोक पत्रं लिहितात त्यावरून. जितकी पत्रं, तितकी अस्वस्थता. यादी त्याच क्रमानं लावू. वादाला जागाच नाही."

सतराही देशांना हे पटलं, कारण कुणालाच नीट कळलं नव्हतं. आकडे मागवायला बाई जिना उतरून स्वतः खाली आल्या. आवक विभागात वरचं कुणी उतरून येण्याची ती एकतीस वर्षांतली पहिलीच वेळ. काकांनी घाईघाईनं खुर्ची पुसली.

"पूल, क्रमांक एकशे सत्त्याऐंशी," बाईंनी पाटीवर बोट फिरवलं. "गेल्या तिमाहीत तेरा पत्रं. चांगला आकडा आहे हो तुमचा!"

काकांना धीर आला. "म्हणजे वर जाईल ना तो यादीत?"

"जायला हवा. या तिमाहीत किती?"

काकांनी रजिस्टर उघडलं, पानं उलटली. खरं म्हणजे उलटायची गरज नव्हती, त्यांना तोंडपाठ होतं. दीड महिन्यापूर्वी अलीकडची आणखी एक फळी पडली होती. समतोलासाठी पलीकडची एक काढली गेली. आता मध्ये पाच फळ्यांचं भगदाड होतं, आणि पाच फळ्यांची उडी त्या पोस्टमनच्याही आवाक्यातली नव्हती. त्याच्या आधीच्या महिनाभरात तो तापानं अंथरुणाला खिळलेला.

"या तिमाहीत..." काका म्हणाले, "शून्य."

बाईंचा चेहरा उजळला. "तेरावरून शून्य? तीन महिन्यांत?"

"बाई, पण ते पत्रच येऊ शकत नाहीये. पोस्टमन—"

"पत्र नाही म्हणजे तक्रार नाही."

"अहो, तक्रार आहे, पण ती पलीकडे आहे!"

"पलीकडचं आपण मोजत नाही, काका," बाई अगदी प्रेमानं म्हणाल्या. "आपण आवक मोजतो."

बुधवारी मोठ्या पडद्यावर आलेख झळकला. एक लाल रेघ उंचावरून सुटून थेट जमिनीवर येऊन झोपली होती. तीनशे बारा विषयांत एवढी सुंदर रेघ दुसरी नव्हती. त्यात फळ्यांची नोंद सापडल्यावर तर सभागृहाचं भान हरपलं: दोन वैरी देशांनी कुठलाही करार न करता, स्वखुशीनं, दोन-दोन फळ्यांची समसमान कपात केली होती! शस्त्रकपातीत जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते इथे लाकडात जमलं होतं. पूल हा विषय 'आदर्श निराकरण' म्हणून घोषित झाला. शुक्रवारी दोन्ही देशांना सुवर्णपट्टिका द्यायचं ठरलं. इतर चार ठिकाणच्या पुलांवरून फळ्या काढायला सुरुवात करावी, असा उपठरावही आला.

आणि गुरुवारी सकाळी तो पोस्टमन स्वतः मुख्यालयात हजर झाला. दोन गाड्या बदलून, घामाघूम होऊन. त्यानं काकांच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेला नारळाएवढा दगड ठेवला. दगडाला सुतळीनं पत्र बांधलं होतं.

"तुमच्या ताईनं मारला," तो म्हणाला. "पलीकडून. सरळ आमच्या चौकीच्या पत्र्यावर येऊन आदळला. काय हात आहे हो बाईचा! शिपाई सगळे टेबलाखाली."

काकांनी सुतळी सोडली. "बाळ्या, नववा भरत आला. पोरीला चालवत नाही. आठवडा जाईल, फार तर दहा दिवस. फळ्या टाकायला सांग, नाहीतर ये नि मला तोंड दाखव, म्हणजे तुझ्या शिक्क्यासकट तुला दरीत ढकलते. इकडची काळजी करू नकोस, असं लिहिणार होते, पण कर. काळजी कर."

आवककाका रडले. भर कार्यालयात, शिक्क्याच्या पॅडवर. पोस्टमन दुसरीकडे बघत उभा राहिला. मग काकांनी डोळे पुसले, शिक्का उचलला, तारीख फिरवली.

तेवढ्यात जिन्यावरून महासचिव धावत आले. बातमी वर गेली होती. "थांबा! काका, थांबा! उद्या पट्टिका द्यायच्या आहेत. आज ती नोंद करू नका. सोमवारी करा. पत्र कुठे पळून जातंय?"

"साहेब, पत्र आज आलंय."

"अहो, ते टपालानं आलेलं नाही, दगडानं आलंय!"

"दगड सोबत जोडलेला आहे," काका म्हणाले आणि एकतीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. "आलेलं पत्र आलं नाही असं मी लिहिणार नाही. मला तेवढं एकच काम येतं." आणि त्यांनी शिक्का मारला. नोंद झाली: 'पत्र एक. सोबत: दगड एक.' दगडावरही त्यांनी क्रमांक टाकला.

यानंतर जे झालं ते काकांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. बाईंच्या पाटीवर पुलाचा आकडा शून्याचा एक झाला. आता तेराचे चौदा झाले तर वाढ किती, हे पाटी सांगू शकत होती. शून्याचा एक झाला तर वाढ किती टक्के? पाटीनं बराच विचार केला आणि उत्तर दिलं: अमर्याद. नियम असा होता की तिमाहीत दुपटीहून जास्त वाढ झाली की विषय मतदानाशिवाय, आपोआप, यादीत सर्वांत वर. जगातल्या तीनशे बारा संकटांपैकी एकाचीही वाढ आजवर अमर्याद झाली नव्हती. सभागृहात लाल दिवा लागला. तो चालतो हेही कुणाला माहीत नव्हतं.

आणीबाणीच्या बैठकीत पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. दगड मखमली उशीवर ठेवून फिरवण्यात आला. एका देशाच्या लष्करी तज्ज्ञानं तो हातात तोलून 'कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र' असा शेरा दिला. दुसऱ्यानं विचारलं, हा बाळ्या कोणत्या गटाचा म्होरक्या आहे आणि त्याच्याकडे शिक्के किती आहेत. काका दाराशी उभे होते. त्यांनी रजिस्टर काखेत घट्ट धरलं.

"फळ्या टाका की," ते शेवटी न राहवून म्हणाले. "पाचच लागतात."

महासचिवांनी समजूतदारपणे मान हलवली. "त्या दिशेनं आपण नक्की जाऊ. आधी पाहणी."

पाहणी शनिवारी झाली. सतरा देशांचे सतरा प्रतिनिधी, एकेकाची गाडी, एकेकाचा छायाचित्रकार, आणि मागच्या बसमध्ये रजिस्टर मांडीवर घेतलेले आवककाका, कारण दगडाची ओळख पटवायला कुणीतरी हवं होतं. प्रतिनिधींना पुलाच्या मधोमध हातात हात घालून फोटो हवा होता. मधोमध तर भगदाड. या देशाची फळी चालेना, त्या देशाची चालेना. बाईंनीच आदल्या दिवशी तोड सुचवली होती: मंडळाच्या मालकीच्या, म्हणजे कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या फळ्या आणा. मुख्यालयाच्या सभागृहातलं व्यासपीठ उखडून त्याच्या पाच फळ्या आणलेल्या होत्या. दोघे सुतार, जे वर्षभर एकमेकांना नुसता हात करत होते, त्यांनी मिळून त्या वीस मिनिटांत बसवल्या. बसवून झाल्यावर एकानं दुसऱ्याला विडी दिली. वर्षभरातला हा एकमेव करार, त्याची नोंद मात्र कुठे नाही.

प्रतिनिधी मध्यावर पोहोचले, ओळीत उभे राहिले, हसले. आणि पलीकडून ताई निघाली. एका हातात रानफुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातानं लेकीचा दंड घट्ट धरलेला.

"कोण तुम्ही?" शिपायानं अडवलं.

"स्वागत समिती," ताई म्हणाली.

"किती सदस्य?"

ताईनं लेकीच्या पोटाकडे पाहिलं. "सध्या दोन."

मागून जावई आला, तर शिपायानं यादी पाहून सांगितलं, स्वागत समितीत दोनच मान्य आहेत. तो तिथेच थांबला. प्रतिनिधी भलतेच हरखले. स्थानिक महिला, फुलं, मागे दरी! त्यांनी बाजूला होऊन वाट दिली, छायाचित्रकार ओरडले, "जरा हळू चाला!" पोरीनं ओठ चावत कळ गिळली आणि ती खरोखरच हळू चालली. एकविसाव्या फळीवर पाय पडला तेव्हा ताईनं गुच्छ महासचिवांच्या छातीवर आदळला आणि म्हणाली, "धरा!" मग तिनं पुढे पाहिलं. काठावर रजिस्टर छातीशी धरून तिचा भाऊ उभा होता.

"बाळ्या! मेल्या, बघत काय राहिलास? गाडी आण!"

सतरा गाड्यांपैकी एक आवककाकांनी कुठलाही अर्ज न करता घेतली.

मुलगी झाली. तीन किलो, ठणठणीत. काका दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढे हसले, की डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा गप्प बसवलं. संध्याकाळी ताई बाळाला कुशीत घेऊन पुलापाशी आली, बापाला तोंड दाखवायला. पाहते तर मध्ये परत भगदाड. रविवारी समारोप होता आणि व्यासपीठ हवं होतं, म्हणून पाचही फळ्या मोजून, सही घेऊन परत नेल्या होत्या.

ताईनं बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं. पलीकडच्या काठावर जावयानं आधी टोपी काढली, मग नुसताच उभा राहिला. "कुणावर गेलीय?" तो तिकडून ओरडला. "तुझ्यावर!" ताई इकडून ओरडली आणि तिनं बाळाला आणखी उंच धरलं.

समारोपाच्या अहवालात पुलाला अर्धं पान मिळालं. 'पूल वापरात असल्याचं सतराही प्रतिनिधींनी प्रत्यक्ष पाहिलं. गर्भवती महिलाही त्यावरून सहज ये-जा करतात.' सोबत फोटो होता. दगडाची बातमी ऐकून बाकीच्या चार पुलांवरच्या लोकांनीही दगड गोळा करायला घेतल्याची कुणकुण लागली, म्हणून महासचिवांनी शेवटच्या दिवशी नियमात छोटीशी दुरुस्ती केली. दगडाचं पत्र कर्मचाऱ्याच्या बहिणीचं निघालं, हे काही बरं दिसलं नव्हतं. यापुढे ज्यांचं त्या विषयावाचून अडतं त्यांची पत्रं हितसंबंधी म्हणून मोजायची नाहीत. ज्याचं काडीचंही अडत नाही, अशा त्रयस्थ माणसाचं पत्र तेवढं मोजायचं. तसं एक पत्र आलं तरी पूल पुन्हा यादीत सर्वांत वर जाईल, शून्याचा एक होऊन.

आवककाकांनी त्यासाठी नवं रजिस्टर आखलं आहे. रोज सकाळी ते तारीख घालतात आणि शिक्का पॅडवर ठेवून वाट बघतात. ताईचं पत्र चालत नाही, जावयाचं चालत नाही, पोस्टमनचं चालत नाही, त्यांचं स्वतःचं तर नाहीच. बाळ आता रांगायला लागलं आहे. बापानं अजून त्याला हातात घेतलेलं नाही.

तुम्ही इथवर वाचलंत, मधूनमधून हसलातही. त्या पुलावाचून तुमचं काही अडत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही पूर्णपणे पात्र आहात.

आजची आवक: शून्य. तुमचं समाधान झालं आहे, अशी नोंद घेण्यात आली आहे.